प्रोग्राम अनेक, फाइल एक: एसबीएमएलची गोष्ट

सिस्टिम्स बायोलॉजी म्हणजे पेशीतली एकेक अभिक्रिया सुटी न बघता त्यांचं सगळं जाळं एकत्र समजून घेणं. त्यासाठी अभिक्रियांची समीकरणं मांडायची आणि कॉम्प्युटरवर सोडवायची. १९९० च्या दशकात या कामाचे बरेच प्रोग्राम तयार झाले: पेद्रो मेंदेस यांचं गेपासी, जपानमधलं ई-सेल, अमेरिकेतलं व्हर्च्युअल सेल. अडचण अशी, की प्रत्येकाची फाइल वेगळी. एकात बांधलेलं मॉडेल दुसऱ्यात चालवायचं, तर समीकरणं आणि आकडे पुन्हा हाताने भरा. एक चिन्ह चुकलं, की उत्तर बदललं. प्रोग्राम बंद पडला, तर मॉडेलही अडकलं.

२००० साली अशा प्रोग्रामांचे कर्ते कॅलटेकमध्ये एकत्र बसले. पैसा हिरोआकी किटानो यांच्या जपानी प्रकल्पातून आला होता. मूळ बेत होता ‘सिस्टिम्स बायोलॉजी वर्कबेंच’चा, म्हणजे हे प्रोग्राम एकमेकांना जोडायचे. पण जोडायचे तर मॉडेल लिहायची सामाईक पद्धत हवीच. मायकल हुका, अँड्र्यू फिनी आणि हर्बर्ट सॉरो यांनी ती तयार केली, तीच एसबीएमएल. पहिली आवृत्ती मार्च २००१ मध्ये आली. तिच्यात पेशीचे कप्पे, रेणू, अभिक्रिया, त्यांचे दर असं सगळं ठरलेल्या रचनेत लिहितात. गंमत म्हणजे वर्कबेंचपेक्षा ही फाइलच जास्त पसरली. पुढे दोनशेहून जास्त प्रोग्राम ती वापरू लागले.

२००५ मध्ये युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटने बायोमॉडेल्स हा संग्रह सुरू केला. छापून आलेलं मॉडेल तिथे तपासून ठेवतात.

मग प्रश्न सुटला का? २०२१ मध्ये याच संग्रहाशी संबंधित संशोधकांनी ४५५ मॉडेल्सची तपासणी छापली. जवळजवळ निम्मी मॉडेल्स नुसत्या पेपरवरून पुन्हा चालवता आली नाहीत. दुरुस्त्या करून, लेखकांना विचारून काही चालली. ३७ टक्के शेवटपर्यंत नाहीच. कुठे दरांचे आकडे दिलेले नव्हते, कुठे सुरुवातीची प्रमाणं.

म्हणजे कप्पा तयार आहे, पण तो भरायचा आपणच. तुम्ही पहिलं मॉडेल बांधाल तेव्हा पेपर पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. तिथे तोच आलेख आला नाही, तर काहीतरी अजून तुमच्या डोक्यातच राहिलंय, फाइलमध्ये उतरलेलं नाही.