नकोशा झालेल्या चिऱ्यांची शर्यत

शर्यत म्हटली की रस्ता गुळगुळीत हवा, हा आपला साधा हिशेब. उत्तर फ्रान्समध्ये एप्रिलमधल्या एका रविवारी भरणाऱ्या सायकल शर्यतीचा हिशेब मात्र उलटा आहे. तिच्यासाठी खडबडीत रस्ते मुद्दाम शोधले जातात आणि ते नाहीसे होऊ नयेत म्हणून माणसं राबतात. या शर्यतीचं नाव पॅरिस-रूबे. असं का व्हावं, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

रूबे हे बेल्जियमच्या सीमेजवळचं कापड गिरण्यांचं गाव. तेओदोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणीमालकांनी 1895 मध्ये सायकल शर्यतींसाठी एक मैदान बांधलं. गावाकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून त्यांनी पॅरिसच्या एका क्रीडा दैनिकाला पत्र लिहिलं. पॅरिसहून निघून आमच्या मैदानात संपणारी शर्यत भरवा, पहिल्याला हजार फ्रँक देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. मार्ग पाहण्याचं काम व्हिक्टर ब्रेयर या पत्रकाराकडे आलं. आमियँपर्यंत तो मोटारीतून गेला. पुढे मात्र सायकलवरून, भर पावसात, दगडी रस्त्यांवरून. रूबेला पोहोचला तेव्हा तो चिखलानं माखून गेला होता. असल्या रस्त्यावर माणसांना पळवणं हा क्रूरपणा आहे, असं कळवायचं त्यानं ठरवलं होतं. पण संध्याकाळी पोटात गरम अन्न गेलं, यजमानांशी गप्पा झाल्या आणि त्याचं मत पालटलं!

19 एप्रिल 1896 रोजी पहिली शर्यत झाली. सुमारे 280 किलोमीटरचं अंतर जर्मनीच्या योसेफ फिशरनं सव्वानऊ तासांत कापलं. त्या वेळी दगडी रस्त्यांचं कुणाला काहीच अप्रूप नव्हतं. रस्ते तसेच असत, म्हणून शर्यत त्यांवरून जाई.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. 1915 ते 1918 या काळात शर्यत झाली नाही. 1919 मध्ये पाहणीसाठी निघालेल्या मंडळींना जळकी झाडं, तोफगोळ्यांचे खड्डे आणि मोडलेली गावं दिसली. त्या वर्णनातूनच ‘उत्तरेचा नरक’ हे नाव रूढ झालं. आज हे नाव रस्त्यावरच्या दगडांना लावलं जातं. पण मुळात ते युद्धानं उजाड केलेल्या मुलखाचं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यांवर भराभर डांबर पडू लागलं. दगडी रस्ता म्हणजे मागासलेपणाची खूण, अशी गावोगावच्या महापौरांची भावना होती. आपला खडबडीत रस्ता टेलिव्हिजनवर सगळ्या देशानं पाहावा, हे त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांचं काय चुकलं? गावकऱ्यांना रोज त्याच रस्त्यानं जायचं होतं. पण रस्ते सुधारले तशी शर्यत सोपी झाली आणि तिचं वेगळेपण हरवू लागलं.

अशा वेळी ज्याँ स्ताब्लिन्स्की याचा सल्ला कामी आला. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा पोरवयातच आरेनबर्गच्या कोळसा खाणीत उतरला आणि 1962 मध्ये सायकलिंगचा जगज्जेता झाला. खाणीवरच्या जंगलातून जाणारा सव्वादोन किलोमीटरहून लांब असा सरळ दगडी रस्ता त्यानं सुचवला. 1968 मध्ये शर्यत पहिल्यांदा तिथून गेली. ज्या रस्त्याखाली त्यानं कोळसा खणला, त्याच रस्त्यावरून तो सायकलवर गेला.

हा रस्ता कुणाची गय करत नाही. 1998 मध्ये बेल्जियमचा योहान म्यूसेव तिथे पडला. गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला, जखम चिघळली आणि पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली. 2000 साली तोच म्यूसेव रूबेच्या मैदानात पहिला आला आणि रेषा ओलांडताना त्यानं बोटानं तोच गुडघा जगाला दाखवला.

रूबेच्या गिरण्यांचे चांगले दिवस सरले. आरेनबर्गची खाण 1989 मध्ये बंद पडली. 2012 मध्ये तो सगळा खाणपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. पूर्वी रोजगार देणारं जे काही होतं, ते गेलं. दगड मात्र उरले. ‘पॅरिस-रूबेचे मित्र’ या संस्थेचे स्वयंसेवक निखळलेले चिरे हातानं बसवतात. 2024 मध्ये तर आरेनबर्गच्या चिऱ्यांमधलं गवत खायला शेळ्या आणल्या होत्या! 2021 पासून महिलाही या रस्त्यांवर शर्यत करतात. ब्रिटनची लिझी डाइनन ही त्यांतली पहिली विजेती.

आता शर्यत पॅरिसहून निघतही नाही. 1977 पासून ती शहराच्या उत्तरेकडच्या काँपियेन्यहून सुटते. विजेत्याला मिळतो तो याच रस्त्यांवरच्यासारखा एक चिरा, पाटावर बसवलेला. एकेकाळी महापौरांना ज्याची लाज वाटे, तो दगड डोक्यावर उंच धरण्यासाठी जगातले उत्तम सायकलपटू हाडं खिळखिळी करून घेतात. रस्ते सुधारायला हवेतच. पण सगळंच डांबराखाली गेलं असतं, तर त्या मुलखात राबलेल्या माणसांची आठवण काढायला दरवर्षी एवढी गर्दी कशाच्या निमित्तानं जमली असती?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)