उतरत्या वयाचा गडी

'जुनें तें सोनें' आणि 'गरज सरो, वैद्य मरो' या दोन्ही म्हणी एकाच भाषेंत सुखानें नांदतात. प्रसंग पडेल तशी आपण एक उचलतों व दुसरी विसरतों. परंतु झिजलेल्या पण नामांकित सेवकास ठेवावें कीं निरोप द्यावा, असा प्रश्न जेव्हां एखाद्या संस्थेपुढें येतो, तेव्हां त्याचें उत्तर म्हणींत सांपडत नाहीं. त्यासाठीं इतिहासाकडेच वळावें लागतें. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासांत अशीं उदाहरणें पुष्कळ आहेत. त्यांतील १९८४ सालचें एक विशेष बोधप्रद आहे.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लांबट चेंडू छातीशीं धरून प्रतिपक्षाच्या फळींतून पुढें घुसणें हें त्यांतील एक मुख्य कर्म. आणि हें कर्म ज्याच्या वांट्यास येतें त्या गड्यास 'रनिंग बॅक' म्हणतात. त्यानें किती यार्ड, म्हणजे आपले किती वार, भूमि आक्रमिली याचा हिशेब सावकाराच्या वहीसारखा चोख ठेवलेला असतो. त्याच्या प्रत्येक धावेचा शेवट बहुधा दोन-तीन धिप्पाड गड्यांनीं त्यास जमिनीवर आदळण्यांत होतो. यामुळें या जागेवरचा गडी इतरांपेक्षां लवकर झिजतो. ज्या वयांत वकिलाकडे अशील कोठें येऊं लागतात, त्या वयांत याचा धंदा आटोपत आलेला असतो. तिशी उलटली कीं त्यास म्हातारा म्हणूं लागतात.

फ्रँको हॅरिस हा १९७२ मध्यें पेन स्टेट विद्यापीठांतून पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघांत आला. १९३३ मध्यें स्थापन झालेल्या या संघास तोंवर एकही विजेतेपद लाभलें नव्हतें. त्याच वर्षीं २३ डिसेंबर रोजीं, ओकलंडच्या संघाविरुद्ध हार निश्चित दिसत असतां, अगदीं शेवटच्या क्षणीं उसळून आलेला चेंडू हॅरिसनें जमिनीलगत झेलला आणि तो थेट प्रतिपक्षाच्या सीमेपार नेला. तेथून संघाचें दैव पालटलें. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत पिट्सबर्गनें चार वेळां अजिंक्यपद मिळविलें, आणि त्यांतील पहिल्या अंतिम सामन्यांत १५८ वार धावून हॅरिस सर्वोत्कृष्ट गडी ठरला.

१९८३ चा हंगाम संपला तेव्हां त्याच्या खात्यावर ११,९५० वार जमा होते. जिम ब्राऊन या महान गड्याचा विक्रम १२,३१२ वारांचा होता. म्हणजे अंतर ३६२ वारांचें. ब्राऊननें तो अवघ्या नऊ हंगामांत, १९५७ ते १९६५ या काळांत, रचला आणि ऐन भरांत असतां खेळास रामराम ठोकला. हॅरिस तेरावा हंगाम खेळूं पाहत होता. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९८२ मध्यें गड्यांनीं मालकांविरुद्ध संप पुकारला व सोळांपैकीं सात सामने बुडाले. उरलेल्या नऊ सामन्यांत हॅरिसनें ६०४ वार मिळविले होते. त्याच मानानें ते सात सामने पार पडते, तर हा विक्रम १९८३ मध्येंच, पिट्सबर्गच्याच पोषाखांत, त्याच्या नांवावर लागला असता. कामगारांच्या हक्काचा लढा एखाद्या कामगाराकडून काय हिरावून घेतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं.

१९८४ मध्यें हॅरिसनें वेतनावरून संघाशीं वाद मांडला व सरावास जाण्याचें नाकारलें. प्रतिस्पर्धी व्यावसायिक मंडळ १९८३ पासून सुरू झाल्यानें गड्यांचे भाव वाढले होते, त्यामुळें त्याची मागणी अगदींच अवास्तव म्हणतां येणार नाहीं. परंतु मागील हंगामांत त्याच्या दर धावेची सरासरी ३·६ वारांवर उतरली होती, हेंही खरें. संघाचे शिक्षक चक नोल यांना कोणी त्याच्याविषयीं पृच्छा केली असतां, 'कोण फ्रँको?' असा प्रतिप्रश्न त्यांनीं केला, तो प्रसिद्धच आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतर दोन शब्दांचा निरोप! ऑगस्ट महिन्यांत संघानें त्यास मुक्त केलें.

इकडे सिअ‍ॅटलच्या सीहॉक्स संघावर वेगळेंच संकट ओढवलें. त्यांचा तरुण धावणारा कर्ट वॉर्नर, जो आदल्या वर्षीं पदार्पणांतच १,४४९ वार धावला होता, हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत गुडघा दुखावून निकामी झाला. योगायोग असा कीं, तोही पेन स्टेटचाच पदवीधर. संघाचे शिक्षक चक नॉक्स हे धावत्या खेळाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनीं रिकामी जागा भरण्यास ३४ वर्षांच्या हॅरिसला पाचारण केलें. संघास धावणारा हवा होता व धावणाऱ्यास ३६२ वार. वरवर पाहतां याहून सोयीचा सौदा कोणता?

प्रत्यक्षांत आठ सामन्यांत ६८ धावांत त्याच्या हातीं १७० वार आले. दर धावेस अडीच. सीमेपार तो एकदांही गेला नाहीं. मध्यंतरीं ७ ऑक्टोबर रोजीं शिकागोच्या वॉल्टर पेटननें ब्राऊनचा विक्रम मोडला. तोच पेटन हंगामाच्या आरंभीं हॅरिसच्या मागें होता! ज्या विक्रमासाठीं हॅरिस देशाच्या दुसऱ्या टोंकास गेला, तो त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातीं गेला. हंगाम संपण्यापूर्वींच सिअ‍ॅटलनेंही त्यास निरोप दिला. त्याची एकूण बेरीज १२,१२० वर थांबली. ब्राऊनपेक्षां १९२ वारांनीं कमी. आणि सिअ‍ॅटलचें काय? धावण्याचा नाद कमी करून त्या संघानें चेंडू फेंकण्यावर व बचावावर भिस्त ठेवली, आणि सोळांपैकीं बारा सामने जिंकले.

यावरून, उतरत्या वयाचा गडी घेऊंच नये, असा सिद्धांत कोणी काढील तर तो घाईचा होईल. १९९३ मध्यें कॅन्सस सिटीनें ३३ वर्षांच्या मार्कस ॲलनला घेतलें. जुन्या संघानें त्यास बाजूस बसविलें होतें. नव्या संघानें त्याच्याकडून लांब पल्ल्याच्या धावांचा हट्ट धरला नाहीं. सीमेजवळचे शेवटचे अवघड दोन-तीन वार त्याच्या चातुर्यावर सोंपविले. त्या हंगामांत त्यानें धावून बारा वेळां सीमा ओलांडली, आणि पुढें १९९७ पर्यंत तो तेथेंच खेळला. उलट १९७८ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोनें नवे गडी निवडण्याचे मौल्यवान हक्क देऊन, गुडघ्यानें अधू झालेला ओ. जे. सिम्प्सन विकत घेतला. तो मूळचा त्याच गांवचा, नांव मोठें. परंतु पुढील दोन्ही हंगामांत संघानें सोळांपैकीं दोन-दोनच सामने जिंकले, आणि नवे गडी घेण्याची संधि दवडली ती वेगळीच.

म्हणजे भेद वयाचा नसून अपेक्षेचा आहे. ॲलनला कॅन्सस सिटीनें तो आज काय करूं शकतो तें पाहून घेतलें. सिम्प्सनला सॅन फ्रान्सिस्कोनें तो काल काय करीत होता तें आठवून घेतलें. कृतज्ञता आणि नेमणूक हीं दोन स्वतंत्र खातीं आहेत. नेमणूक भविष्याकडे पाहून व्हावी, कृतज्ञता भूतकाळाकडे पाहून. पहिल्या खात्यांतली रक्कम दुसऱ्यांत टाकली कीं सिअ‍ॅटलसारखा तोटा होतो. पण पहिलें खातें बंद करतांना दुसरेंही फाडून टाकलें कीं पिट्सबर्गसारखा अन्याय होतो. हॅरिसला मुक्त करण्याचा निर्णय हिशेबानें बरोबर असेल. त्यास अनोळखी ठरविणें मात्र बरोबर नव्हतें.

तें दुसरें खातें पिट्सबर्गनें पुढें चुकतें केलें. हॅरिसचा ३२ हा क्रमांक यापुढें कोणासही द्यावयाचा नाहीं, असें ठरवून त्या सोहळ्यासाठीं २४ डिसेंबर २०२२ हा दिवस नेमला गेला. त्या अद्भुत झेलास तेव्हां पन्नास वर्षें पुरी होत होतीं. सोहळा झाला, जयघोषही झाला. पण त्यापूर्वीं कांहीं दिवसच, वयाच्या ७२ व्या वर्षीं, फ्रँको हॅरिस वारला होता.