टपावरचे ओझे : जंगलवाटांवरील गाडीला कॅरियर निवडताना आणि बसवताना

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोली गाठायचे, तेथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करीत हेमलकसा आणि भामरागडकडे वळायचे, हा प्रवास एका दिवसात होतो. पण तो सोपा नाही. गडचिरोली ते भामरागड हे अंतरच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांकडे निघाले की मुरमाचा रस्ता, पावसाने खचलेल्या कडा, नाल्यांवरील रपटे आणि दोन्ही बाजूंनी झुकलेली बांबूची बेटे सुरू होतात. गॅरेज, पेट्रोल पंप आणि मुक्कामाच्या सोयी एकमेकांपासून दूर असल्याने अशा प्रवासात सामान वाढते. गाडीत माणसे बसल्यावर त्याला जागा उरत नाही, आणि मग नजर टपाकडे जाते.

या दोन जिल्ह्यांना टपावरचे कॅरियर नवे नाही. आठवडी बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्याच्या जीपवर किराण्याची पोती असतात, लग्नाच्या गाडीवर आंदणाचे कपाट असते आणि 'काळी-पिवळी'च्या टपावर गाठोड्यांपासून सायकलीपर्यंत सारे काही असते. अलीकडे थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ, बोलेरो अशा गाड्या घेऊन जंगलभागात भटकंती करणाऱ्या शहरी हौशींची त्यात भर पडली आहे. दोघांचीही चूक बहुधा एकच असते. टपावर जागा किती आहे, हे पाहिले जाते. टप वजन किती पेलतो, हे पाहिले जात नाही.

मर्यादा किलोत मोजा

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावरील भाराची मर्यादा पाहावी. लहान गाड्यांत ती तीस ते पन्नास किलो इतकी कमी असू शकते. मोठ्या गाड्यांत ती साधारणपणे ७५ ते १०० किलोच्या दरम्यान आढळते. हा आकडा गाडी चालत असतानाचा असतो. उभ्या गाडीचा टप याहून बराच अधिक भार सहन करतो. टपावरच्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात, ती यामुळेच. मात्र रात्री पेलला तेवढा भार सकाळी खड्ड्यांतूनही पेलेल, असे समजणे धोक्याचे आहे. खड्ड्यात आदळताना तेच वजन क्षणभर कितीतरी जड होऊन टपावर आणि कॅरियरच्या पायांवर बसते.

दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते. कॅरियरचे स्वतःचे वजन या मर्यादेतच मोजायचे असते. २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपचे वजन मीटरमागे सुमारे सव्वा किलोच्या आत-बाहेर असते. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि कठडा असलेले कॅरियर करायला २५ ते ३० मीटर पाइप सहज लागतो. पाये, पट्ट्या आणि जाळी धरून त्याचे वजन ३५ किलोंपर्यंत जाते. टपाची मर्यादा ७५ किलो असेल, तर सामानासाठी उरतात फक्त ४० किलो. वीस लिटर डिझेल भरलेल्या लोखंडी कॅनचे वजन २१ किलोंच्या घरात जाते. म्हणजे दोन कॅन ठेवले की हिशेब संपला. एक स्टेपनीच २५ ते ३० किलोंची असते.

गाडी का कलंडते?

टपावरच्या ओझ्याचा खरा धोका टप दबण्यात नसून गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकण्यात आहे. उदाहरणादाखल १,६०० किलो वजनाची एक गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४५ सेंटिमीटर मानले, तर ती स्थिर असताना सुमारे ४६ अंश कलल्यावर उलटेल. तिच्या टपावर, जमिनीपासून १९० सेंटिमीटर उंचीवर, १०० किलो सामान ठेवले की गुरुत्वमध्य ७७ सेंटिमीटरवर जातो आणि हा कोन ४३ अंशांवर येतो. दोनशे किलो ठेवले तर तो ४१ अंश होतो.

पाच अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र गाडी झुकली की खालच्या बाजूचे पाटे किंवा स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात आणि दोर सैल असेल तर सामानही त्याच बाजूला सरकते. त्यामुळे गाडी गणितातल्या कोनाच्या कितीतरी आधी उलटू शकते. एक चाक खोल चाकोरीत आणि दुसरे बांधावर, अशा अवस्थेत किंवा नाल्याच्या तिरप्या उतारावर हे काही अंशच निर्णायक ठरतात. डांबरी रस्त्यावरही गुरे किंवा रानडुक्कर आडवे आल्यावर वेगात चाक झटकन वळवले, तर टप भरलेली गाडी कलंडण्याची शक्यता रिकाम्या गाडीपेक्षा अधिक असते.

गाडीप्रमाणे कॅरियर

कॅरियरची निवड गाडीच्या टपावरून ठरते. जिप्सी, सुमो, बोलेरो यांसारख्या गाड्यांच्या टपाच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी पन्हाळ असते. या पन्हाळीला चिमट्यासारखे पकडणारे पाय असलेले कॅरियर सर्वांत सोपे. टपाला छिद्र पाडावे लागत नाही, भार दोन्ही कडांवर विभागला जातो आणि गरज नसेल तेव्हा कॅरियर उतरवून ठेवता येते. नव्या जिम्नीलाही अशी पन्हाळ आहे.

काही गाड्यांवर लांबीच्या दिशेने दोन रेल असतात. त्या भार पेलणाऱ्या आहेत की केवळ शोभेच्या, हे आधी तपासावे. प्लॅस्टिकच्या किंवा चिकटवलेल्या शोभेच्या रेलवर कॅरियर बांधणे म्हणजे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ते गमावण्याची तयारी करणे होय. रेल भक्कम असतील तर त्यांवर दोन किंवा तीन आडव्या दांड्या आणि त्यावर टोपली किंवा सपाट मंच बसवता येतो. ज्या टपांवर कारखान्यातच बोल्टसाठी जागा ठेवलेल्या असतात, तेथे त्याच वापराव्यात.

कापडी हूड असलेल्या थार किंवा जुन्या जीपच्या टपावर काहीही ठेवता येत नाही. फायबरचा टप असेल तर उत्पादकाने दिलेली मर्यादा पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नये. अशा गाड्यांना टपाला न टेकता बाहेरून आधार घेणारा सांगाडा लागतो. तो वजनदार आणि खर्चिक असतो. शिवाय कायद्याच्या दृष्टीने त्याची आधी चौकशी करणे आवश्यक ठरते.

लोखंड की ॲल्युमिनियम?

ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे. पाइप जाड वापरावा लागत असला तरी तयार कॅरियरचे वजन बरेच कमी भरते आणि ते गंजत नाही. शहरातून निघून शहरात परतणाऱ्या गाडीसाठी हा पर्याय चांगला. मात्र सांधा तुटल्यास ॲल्युमिनियम साध्या पद्धतीने जोडता येत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र आणि सराव लागतो. लोखंडी कॅरियर तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही वेल्डर अर्ध्या तासात दुरुस्त करतो. एटापल्ली, सिरोंचा, भामरागड या भागांत नित्य फिरणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

लोखंडी कॅरियर करवून घेताना रेड ऑक्साइडचा हात देऊन मगच रंग लावावा आणि पाइपची तोंडे बंद करावीत. अन्यथा पाणी आत साचून पाइप आतून कुजतो. कॅरियर शक्यतो बुटके असावे. कठडा चार ते सहा इंचांपेक्षा उंच केला की तेवढे उंच सामान भरण्याचा मोह होतो. पुढची बाजू निमुळती आणि गुळगुळीत ठेवावी. बाहेर आलेले हुक, टोकदार कोपरे आणि दिव्यांच्या पट्ट्या झुकलेल्या बांबूत अडकतात. ताणलेला बांबू सुटताना काच फोडू शकतो.

बसवताना

पन्हाळीच्या कॅरियरला लहान गाडीवर किमान सहा, तर लांब गाडीवर आठ पाय असावेत. ते दाराच्या उघड्या भागापेक्षा टपाला आधार देणाऱ्या खांबांच्या जवळ यावेत. पाय आणि पन्हाळ यांच्यामध्ये जाड रबरी पट्टी द्यावी. नाहीतर रंग खरवडतो आणि तेथून गंज सुरू होतो. कॅरियरचा मधला भाग टपाला टेकता कामा नये.

नट सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट किंवा स्प्रिंग वॉशर वापरावेत. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या ताणाइतकेच, मोजणाऱ्या पान्याने आवळावेत. अति आवळल्याने पन्हाळ वाकते. नवे कॅरियर बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवून सर्व बोल्ट पुन्हा पाहावेत, आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी.

टपाला छिद्रे पाडणे शक्यतो टाळावे. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात छोट्या छिद्रातूनही पाणी झिरपते, आतले अस्तर कुजते आणि टपाला गंज चढतो. कॅरियर टपालाच वेल्ड करणे तर पूर्णपणे चुकीचे. त्या उष्णतेने टपाचा पत्रा वाकतो, रंग जळतो आणि आतल्या वायरींना धोका पोचतो. वेल्डिंगचे काम कॅरियर गाडीवरून उतरवूनच करावे.

काय वर, काय खाली

जड वस्तू गाडीच्या आत, तळाशी आणि शक्य तितक्या पुढच्या व मागच्या आसांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तू जाव्यात. गाद्या, तंबू, सतरंज्या, रिकामे डबे, ताडपत्री ही टपाची योग्य सामग्री. पाणी, अवजारे, धान्य आणि स्टेपनी खाली. इंधनाचे कॅन टपावर ठेवण्याची प्रथा सर्वांत घातक आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा उन्हात कॅनमधील पेट्रोलची वाफ वाढते आणि झाकण सैल असेल तर ती बाहेर पडते. गाडी उलटल्यास हेच कॅन फुटतात. निघतानाच टाकी पूर्ण भरून घेणे आणि वाटेतल्या शेवटच्या पंपाची माहिती ठेवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

सामान बांधण्यासाठी रॅचेटचे रुंद पट्टे उत्तम. नायलॉनची दोरी वापरायची झाल्यास ती तासाभराने पुन्हा ताणावी, कारण ती सैल पडते. हुक असलेले रबरी दोर चादर धरून ठेवण्यापुरतेच. त्यांच्या भरवशावर पेटी बांधू नये. सामान पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना असे चारही दिशांनी अडवलेले असावे. ताडपत्रीचे मोकळे टोक वाऱ्याने फडफडून दोर कापते. म्हणून ते आत दुमडावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यास परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे टप कापणे किंवा गाडीच्या सांगाड्याला जोड देणे टाळावे. उत्पादकाने त्या गाडीसाठी दिलेले, बोल्टने बसणारे आणि काढता येणारे कॅरियर हा सुरक्षित मार्ग. शंका असल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे-मागे किंवा परवानगीपेक्षा उंच आल्यास कलम १९४ खाली वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. लाकूड किंवा अन्य वनोपज टपावर टाकून आणताना वन तपासणी नाक्यावर वाहतूक परवान्याची विचारणा होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

याच कायद्याचे कलम १२३ टपावर बसून प्रवास करण्यास मनाई करते. तसे प्रवासी नेणारा चालकही दोषी ठरतो. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला किंवा चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला निघालेल्या गाडीत जागा संपली की काही जण कॅरियरवर चढतात. साठ किलोंची चार माणसे म्हणजे २४० किलो. वर दिलेल्या उदाहरणातील सर्वांत धोकादायक आकड्याहूनही अधिक. शिवाय माणूस दोराने बांधलेला नसतो आणि रस्त्यावर झुकलेली फांदी चालकाला दिसली तरी टपावर बसलेल्याला वेळेत दिसेलच असे नाही.

निघण्यापूर्वी

● कॅरियर आणि सामान यांचे एकत्रित वजन माहितीपुस्तिकेतील मर्यादेत आहे का, ते काट्यावर तपासा. धान्याच्या दुकानातला काटाही चालेल.
● सामानासह गाडीची एकूण उंची मोजून ती चालकासमोर लिहून ठेवा. झुकलेल्या फांद्या, नाक्यांवरचे आडवे दांडे आणि लॉजचे छत यांचा अंदाज त्यावरून येतो.
● टायरमधील हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या प्रमाणात ठेवा.
● टप भरलेला असताना वेग कमी, वळण सावकाश आणि पुढील गाडीपासून अंतर जास्त ठेवा.
● रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. टपावरच्या ओझ्याने गाडी प्रवाहात स्थिर राहते, हा समज चुकीचा आहे.
● प्रवास संपला की कॅरियर उतरवा. रिकामे कॅरियरही वारा अडवते आणि इंधन जाळते.