थाई हस्तपादमर्दन : श्रद्धा आणि शिलालेख

थायलंडमधील पारंपरिक मर्दनविद्येचे जनकत्व बुद्धकालीन वैद्य जीवकाकडे दिले जाते. तथापि ही श्रद्धा आहे, ऐतिहासिक पुरावा नव्हे. १७६७ मध्ये ब्रह्मी आक्रमणात अयुथ्या उद्ध्वस्त झाली व असंख्य हस्तलिखिते नष्ट झाली. पुढे तिसऱ्या रामाने (१८२४-१८५१) बँकॉकच्या वाट फो विहारात हे ज्ञान शिलापटांवर कोरविले. त्यांतील मानवाकृतींवर ‘सेन’ वाहिन्या व दाबबिंदू दर्शविले आहेत. ‘कालथारी’ ही वाहिनी हातापायांच्या बोटांपर्यंत जाते, असे ही परंपरा मानते. ‘इथा’ व ‘पिंगखला’ ही वाहिन्यांची नावे इडा-पिंगलांवरून आली; मात्र केवळ नामसाम्यावरून संपूर्ण पद्धती भारतीय ठरत नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. गुरुमुखी विद्या सर्वांसाठी खुली करणारे हे शिलापटच तिच्या इतिहासलेखनाचा भक्कम आधार होत.