संमतीविना छायाचित्रण आणि फौजदारी कायदा : १९२० च्या कैदी ओळख अधिनियमाचा इतिहास

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय घेणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न आज प्रामुख्याने खासगीपणाच्या हक्काच्या अनुषंगाने चर्चिला जातो. त्या चर्चेत सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस यांनी १८९० साली 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या निबंधाचा उल्लेख हटकून येतो. क्षणार्धात छायाचित्र टिपणारे कॅमेरे आणि वृत्तपत्रे यांच्यामुळे घरगुती जीवन चव्हाट्यावर येऊ लागले, ही त्या निबंधामागील चिंता होती. भारतातील या प्रश्नाचा इतिहास त्याच वाटेने शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. भारतात ज्या कायद्याने हा प्रश्न थेट हाताळला तो १९२० चा 'कैदी ओळख अधिनियम' होय. आणि तो करण्याची वेळ कोणा प्रतिष्ठिताच्या तक्रारीने आलेली नव्हती. काही कैद्यांनी आपले छायाचित्र व बोटांचे ठसे देण्यास नकार दिला, म्हणून तो करावा लागला. या नकाराला भारतीय कायद्याच्या इतिहासात मिळावे तितके महत्त्व मिळालेले नाही. प्रस्तुत निबंधात या अधिनियमाची पार्श्वभूमी, त्यातील तरतुदी आणि त्याचे पुढील भवितव्य यांचा विचार केला आहे.

मुंबईतील आरंभ

भारतात छायाचित्रणाचा प्रसार आरंभापासूनच झपाट्याने झाला. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली आणि लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीबरोबरच छायाचित्रणातही नाव मिळवून होते. म्हणजे कॅमेरा केवळ साहेबाच्या हाती होता असे नव्हे. तथापि कॅमेऱ्यासमोर कोणाला आणि कशासाठी उभे करावयाचे, याचा एक ठरावीक साचा याच काळात तयार झाला. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी दुसरा महाराष्ट्रातील लोकांविषयी आहे. जॉन्सन यांची पद्धत लक्षणीय होती. माणसांचे चित्र निराळे घ्यावयाचे आणि नंतर त्याच्या पाठीमागे शहरातील एखाद्या वास्तूचे किंवा देखाव्याचे चित्र जोडावयाचे. चित्रातील माणूस त्या जागी उभाच नव्हता, हे पाहणाऱ्याला सहज कळत नाही. यानंतर जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादिलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. त्यातील चारशेहून अधिक छायाचित्रांपैकी कितीतरी चित्रांखाली व्यक्तीऐवजी जातीचे वा जमातीचे नाव आहे.

या काळच्या तंत्राचा एक विशेष येथे ध्यानात घ्यावयास हवा. ओल्या काचेवरील छायाचित्रास काही सेकंदांचा अवधी लागे. तेवढा वेळ समोरच्याने स्थिर राहिले नाही, तर चित्र बिघडत असे. त्यामुळे चोरून छायाचित्र घेणे जवळपास अशक्यच होते. समोरच्या माणसाचे सहकार्य लागे, मग ते खुशीचे असो, मोबदल्याचे असो वा धाकाचे. हाताचा ठसा मनगट धरून घेता येतो. चेहरा मात्र असा धरून ठेवता येत नाही. मान वळवणे, डोळे मिटणे, तोंड वेडावणे एवढ्यानेही कैद्याला शासनाचे काम निष्फळ करता येत असे.

इंग्लिश कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते प्रथम कराराच्या दृष्टीने. १८८८ सालच्या 'पोलार्ड विरुद्ध फोटोग्राफिक कंपनी' या खटल्यात एका स्त्रीने पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र दुकानदाराने नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून दुकानात मांडले होते. न्यायालयाने त्यास मनाई केली. मात्र तिच्या चेहऱ्यावर तिचा हक्क आहे असे कारण त्याने दिले नाही. दुकानदाराने गर्भित कराराचा व विश्वासाचा भंग केला, असे म्हटले. हीच विचारसरणी भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातही दिसते. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विपरीत करार नसल्यास, काढवून घेणारा ठरतो. जो पैसे मोजतो त्याचे चित्र, असा हा न्याय आहे. कॅमेऱ्यासमोर ज्याला आणून उभे केले, त्याला या न्यायात स्थान नाही.

ठसे, मोजमापे आणि 'गुन्हेगार' जमाती

१८७१ साली दोन कायदे झाले. इंग्लंडमधील 'प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम्स अॅक्ट'ने शिक्षा झालेल्या कैद्यांची छायाचित्रे घेण्यास आधार दिला. भारतातील 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट'ने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांची नोंदणी सुरू केली. आरंभी वायव्य प्रांत, अवध व पंजाबपुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या अधिनियमाने मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला. सोलापूरची तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट' ही त्याचीच खूण. १९११ च्या अधिनियमात नोंदणी झालेल्या कोणाही व्यक्तीच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा आदेश देण्याची तरतूद होती. त्यासाठी गुन्हा घडलेला असण्याची गरज नव्हती. नोंदवहीत नाव असणे पुरेसे होते.

दरम्यान ओळख पटविण्याचे शास्त्रही बदलले. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये एका करारपत्रावर हाताचा ठसा घेतला होता. पुढे बेर्तियोंची शरीरमापनपद्धती काही काळ चालली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि मापनपद्धती मागे पडली. ठशांच्या वर्गीकरणाचे श्रेय एडवर्ड हेन्री यांना मिळाले. त्यामागील गणिती काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी केले होते, हे आता सर्वमान्य आहे.

या सर्व काळात सामान्य कैद्यांची छायाचित्रे व ठसे सर्रास घेतले जात होते. त्यांस कायद्याचा आधार कोणता, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

१९२० चा अधिनियम

हा प्रश्न कैद्यांनी विचारला. अधिनियमाच्या विधेयकास जोडलेल्या उद्देश व कारणांच्या निवेदनात सरकारने दिलेली कबुली स्पष्ट आहे. नोंदलेल्या गुन्हेगार जमातींचे लोक वगळता, पोलिसांच्या या प्रचलित प्रथेला कायद्याची मान्यता नव्हती. आजवर अडचण आली नव्हती, परंतु कैद्यांनी छायाचित्र व ठसे देण्याचे नाकारल्याची उदाहरणे अलीकडे घडली होती, असा त्याचा आशय आहे. हे कैदी कोण, कोणत्या तुरुंगातले, ते निवेदनात सांगितलेले नाही. मात्र त्यांच्या नकारातून एक गोष्ट सिद्ध झाली. कायद्याचा आधार नसताना माणसाचा हात धरणे वा त्याला कॅमेऱ्यासमोर बळाने बसविणे बेकायदा आहे, आणि तो माणूस कैदी आहे एवढ्याने ते कायदेशीर होत नाही. इतक्या वर्षांची प्रथा अधिकाराविना चालली होती, हे सरकारलाच लिहून द्यावे लागले.

अधिनियमाने हा अधिकार दिला. विरोध केल्यास आवश्यक त्या सर्व उपायांनी तो मोडून काढण्याची मुभा दिली आणि असा विरोध भारतीय दंड संहितेच्या कलम १८६ खालील गुन्हा ठरविला. तथापि हा अधिकार सरसकट नव्हता. ज्याला एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीस पात्र अशा गुन्ह्यात शिक्षा झाली आहे, त्याचे ठसे, मोजमापे व छायाचित्र या तिन्ही गोष्टी घेता येत. केवळ अटक झालेल्याची, गुन्हा तितकाच गंभीर असला तरी, पोलिसांना स्वतःच्या अधिकारात मोजमापे व ठसेच घेता येत. त्याचे छायाचित्र हवे असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, आणि तो दंडाधिकारी प्रथम वर्गाचाच असावा लागे. ठशापेक्षा चेहरा अधिक जपला गेला, असा हा भेद आहे. अधिनियमात त्याचे कारण नमूद नाही. ठसा तज्ज्ञालाच वाचता येतो, छायाचित्र मात्र ठाण्याच्या भिंतीवर लावले की कोणालाही ओळखता येते आणि अब्रू जाते, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात असावा, असा तर्क करता येतो.

कलम ७ त्याहून लक्षणीय आहे. पूर्वी तशा गुन्ह्यात शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली, तिची मुक्तता झाली वा ती निर्दोष ठरली, तर तिची मोजमापे आणि छायाचित्रे, निगेटिव्ह व प्रती या दोहोंसह, नष्ट करावीत किंवा तिच्या स्वाधीन करावीत, असे हे कलम सांगते. न्यायालयाने वा जिल्हा दंडाधिकाऱ्याने लेखी कारणे देऊन अन्यथा आदेश दिला तरच अपवाद. 'स्वाधीन करावीत' या शब्दांत छायाचित्र ही वस्तू आहे आणि ती मुळात त्या माणसाची आहे, अशी मान्यता दडलेली आहे. पोलार्ड खटल्यातील स्त्रीला जे मागता आले नव्हते, ते सुटलेल्या कच्च्या कैद्याला कागदोपत्री तरी मिळाले.

वस्तूंच्या जप्तीशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक उघड होतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार घराची झडती घेताना त्या वस्तीतील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर लागत. ताब्यात घेतलेल्या वस्तूंची यादी होई आणि घरात राहणाऱ्यास तिची प्रत मिळे. अंगझडतीत अंगावरचे आवश्यक कपडे घेण्यास मनाई होती. पंचनामा व मुद्देमाल हे शब्द मराठी मुलखात निरक्षराच्याही तोंडी रुळले, ते या पद्धतीमुळेच. पितळेचा एक तांब्या नेला तरी यादीत लिहावा लागे. चेहरा नेताना पंचही नाहीत आणि यादीही नाही. कलम ७ खाली परत मागण्यासारखे आपले काही शासनापाशी आहे, हे सुटून घरी गेलेल्या माणसाला कोणी सांगावे, याची तरतूद अधिनियमात नव्हती.

संविधानानंतर

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. १९२० चा अधिनियम कायम राहिला. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मग सक्तीने घेतलेले ठसे त्यात येतात काय, हा प्रश्न १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपुढे 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात आला. ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असा निर्णय झाला. या निर्णयातील एक युक्तिवाद इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. संविधानकर्त्यांना प्रचलित कायदा ठाऊक होता, असे न्यायालयाने म्हटले आणि उदाहरण दिले ते १९२० च्या अधिनियमातील कलम ५ व ६ यांचे. कैद्यांच्या नकारावर उपाय म्हणून आलेला कायदा अशा रीतीने तो नकार संविधानाला अभिप्रेत नव्हता याचा पुरावा झाला. वसाहतकालीन कायदा टिकून राहिला, एवढीच वस्तुस्थिती होती. तिला संमतीचे रूप देण्यात आले, ही टीका टाळता येत नाही.

झडती व जप्तीबाबत १९५४ च्या 'एम. पी. शर्मा' खटल्यात आठ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क संविधानात नाही असे म्हटले होते. १९६२ च्या 'खरकसिंग' निर्णयाने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, पाळतीचे इतर प्रकार मात्र राहू दिले. या खटल्यातील अर्जदार १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटला होता, तरी ठाण्यात त्याची 'हिस्ट्री शीट' उघडलेली होती. मोजमापे परत देण्याची तरतूद आणि ठाण्यातील दप्तर यांचा मेळ नव्हता, हे यावरून दिसते. हे दोन्ही निर्णय खासगीपणाच्या मुद्द्यापुरते २०१७ च्या 'पुट्टस्वामी' निर्णयाने रद्दबातल ठरले. स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून चित्रण हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. पण तो प्रवाह वेगळा, त्याचे मूळ १९२० मध्ये नाही.

पुट्टस्वामी निर्णयानंतर पाच वर्षांनी १९२० चा अधिनियम गेला. त्याच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम ४ ऑगस्ट २०२२ पासून अंमलात आहे. मोजमापांत आता छायाचित्राबरोबर तळहाताचे ठसे, बुबुळ व डोळ्याच्या पडद्याचे चित्रण, जैविक नमुने आणि हस्ताक्षरही येते. गुन्ह्याच्या गांभीर्याची जुनी अट राहिली नाही. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्यास, तो गुन्हा स्त्री वा बालकाविरुद्ध नसेल तर, जैविक नमुने नाकारता येतात. छायाचित्र नाकारता येत नाही. ज्या छायाचित्रासाठी पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, ते आता हेड कॉन्स्टेबलच्या दर्जाचा अधिकारी मागू शकतो. नोंदी ७५ वर्षे जपावयाच्या आहेत. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, पण सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर. 'स्वाधीन करावीत' हे शब्द मात्र नव्या अधिनियमात नाहीत. अंकीय नोंदीला निगेटिव्ह नसते, त्यामुळे परत देण्याजोगे काही उरत नाही, असे याचे समर्थन होऊ शकेल. परंतु त्याबरोबर चित्र त्या माणसाचे आहे ही कल्पनाही कायद्यातून गेली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने कॅमेरा झडतीच्या जागीही आणला आहे. झडती, वस्तूंचा ताबा आणि यादी करण्याचे काम यांचे दृक्‌श्राव्य मुद्रण पोलिसांनी करावयाचे असून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी ही तरतूद स्वागतार्ह आहे. त्या मुद्रणात घरातील माणसेही येतात. त्यांच्या संमतीचा उल्लेख कलमात नाही. यादीची प्रत घरात राहणाऱ्यास पूर्वीप्रमाणेच मिळते.