महाड, डिसेंबर १९२७: ऐकणाऱ्यांचा मांडव

तुम्ही दासगावला पोहोचता, तेव्हा तारीख आहे २५ डिसेंबर १९२७. मुंबईहून निघालेली ‘पद्मावती’ बोट लागली आहे आणि खाडीकाठी गर्दी उसळली आहे. कुणाच्या डोक्यावर फडक्यात बांधलेली भाकरी, कुणाच्या हातात काठी. कोकणातल्या गावागावांतून ही माणसं चालत आली आहेत. बोटीतून उतरणारे डॉ. भीमराव आंबेडकर अवघे छत्तीस वर्षांचे आहेत. पोलीस अधिकारी त्यांच्या हातात कलेक्टरांची चिठ्ठी देतो. ते भेटीसाठी पुढे जातात. बाकीचे पायी महाडकडे निघतात आणि तुम्हीही त्यांच्यात मिसळता.

तुमच्या शेजारून एक म्हातारा पेन्शनर चालतोय. फौजेतली ताठ चाल अजून मोडलेली नाही. मार्चमध्ये तो इथे होता. चवदार तळ्यावर डॉक्टरसाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग त्यांच्यामागून हजारोंनी घेतलं, हे तो सांगतो. तो दिवस २० मार्च. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात ही माणसं घुसणार अशी आवई उठली आणि मांडवात जेवणाऱ्यांवर काठ्या पडल्या. काही जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. “आम्ही फौजेतली माणसं. मनात आणलं असतं तर…” एवढं बोलून तो थांबतो. साहेबांनी हात उचलू दिला नाही, म्हणून ते परत फिरले. त्यानंतर गावानं शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळं शुद्ध करून घेतलं. याच तळ्यावर गुरंढोरं रोज पाणी पितात. तेव्हा शुद्धीची गरज कुणाला वाटली नव्हती.

कागदावर हे तळं कधीच खुलं झालं होतं. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. ठराव झाले आणि दप्तरात पडून राहिले.

महाडात शिरता तेव्हा कळतं की तळ्याच्या हक्कासाठी भरणाऱ्या या सत्याग्रह परिषदेसाठी हिंदू मालकांकडून जागा मिळाली नाही. मांडव उभा आहे तो फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर. बाजारपेठ हात आखडणार याचा अंदाज होता, म्हणून धान्य आणि शिधा बाहेरून आणून ठेवला आहे. मांडवात फोटो एकच, गांधीजींचा. या चळवळीचे गांधीजींशी पुढे किती खटके उडाले ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमची नजर त्या फोटोवर जरा जास्त रेंगाळते. आज मात्र तो इथे आहे.

व्यासपीठावर कोण कोण आहे तेही पाहून घ्या. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण आहेत. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ. जेधे आणि जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला होता, पण ब्राह्मणांना या लढ्यात घेऊ नये, अशी त्यांची अट होती. आंबेडकरांनी ती मानली नाही. भांडण ब्राह्मणांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, हे त्यांनी लिहून सांगितलं. पाठिंब्याची एवढी गरज असतानाही त्यांनी हे केलं, याचं मोल मला फार वाटतं.

२५ तारखेचं अध्यक्षीय भाषण तुम्ही खाली बसून ऐकता. हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही, हे ते आधीच सांगून टाकतात. तळ्यावर जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला. मग ते श्रोत्यांना थेट १७८९ च्या फ्रान्समध्ये, व्हर्सायच्या सभेत घेऊन जातात. तुमच्या पुढ्यातल्या बाईनं फ्रान्सचं नावही ऐकलं नसेल, पण ती मान हलवते. जन्मानं सगळी माणसं समान आहेत, हा जाहीरनामा तिला कुणी समजावून सांगावा लागत नाही. रात्री खड्ड्यात मनुस्मृती जळते. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धेच.

पण महाडचं मोठेपण मला मार्चमधल्या ओंजळीइतकंच, कदाचित जास्तच, यानंतरच्या दोन दिवसांत दिसतं.

तळं खाजगी मालकीचं आहे असं सांगून काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आहे आणि १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला आहे. आता तळ्यावर जाणं म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडणं. काय करायचं, हा प्रश्न मांडवापुढे येतो. वक्ते उठतात, काही सत्याग्रहाच्या बाजूनं, काही विरोधात. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची नावं लिहून घेतात, ती जवळजवळ चार हजार भरतात. तुमच्या शेजारच्या पेन्शनरनं नाव दिलंय. तो म्हणतो, “गावाकडं रिकामं गेलो तर पाटील काय म्हणंल?” चार दिवस चालून आलेल्या माणसाचा हा प्रश्न साधा नाही. तो परत जाणार त्याच गावात, त्याच रस्त्यानं, त्याच वेशीबाहेर.

आणि मग कलेक्टर मांडवात येतात. ज्या सरकारचे ठराव कागदावरच राहिले, त्याच सरकारचा हा अधिकारी. मार्चमध्ये डोकी फुटलेली माणसं इथे बसली आहेत. आरडाओरडा करून कलेक्टरांना बोलू न देणं किती सोपं होतं! पण व्यासपीठावरून त्यांना बोलायला जागा दिली जाते आणि सभा ऐकून घेते. सरकारचा तुम्हाला विरोध नाही, पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबा, एवढं त्यांचं म्हणणं. ते निघून जातात आणि चर्चा पुन्हा सुरू होते. पुष्कळांचं मन अजून तळ्याकडेच ओढ घेतंय.

मला इथे थांबून बघावंसं वाटतं. ज्यांचं शतकानुशतकं कुणी ऐकलं नाही, ती माणसं विरुद्ध बाजूचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतायत. आणि ज्यांनी त्यांचं ऐकायला हवं होतं, ते महाडचे सवर्ण हाकेच्या अंतरावर दारं लावून बसलेत. ऐकण्याची जबाबदारी नेहमी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावरच का टाकली जाते, हा सवाल तुम्ही मनात घेऊन बसता. तो रास्त आहे. तरीही मांडवातल्या या शिस्तीत दुबळेपण शोधू नका. ती त्यांनी स्वतः निवडली आहे.

२७ तारखेला आंबेडकर स्वतः उठतात. सत्याग्रहाला निघालेल्या माणसांना थांबवायचं काम ते दुसऱ्या कुणावर ढकलत नाहीत. सरकारशी आणि सवर्णांशी एकाच वेळी झुंजण्याचा धोका ते समजावतात. सत्याग्रह तूर्त तहकूब करावा असा ठराव येतो आणि सभा तो मानते. पेन्शनर बराच वेळ काही बोलत नाही. मग धोतर झटकून उठतो आणि रांगेत उभा राहतो, कारण मिरवणूक निघाली आहे. पाण्याला हात न लावता ती तळ्याला वळसा घालते. काठावर पोलीस उभे आहेत, घरांच्या खिडक्यांत चेहरे आहेत. तुम्हीही चालता.

नंतर बायकांची सभा भरते. आंबेडकर त्यांना थेट सांगतात: जातीची खूण म्हणून अंगावर मिरवली जाणारी लुगड्याची पद्धत सोडा, ते जड दागिने सोडा, मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. पुढाऱ्यानं बायकांना वेगळं काढून उपदेश करावा, हे आजच्या कानाला थोडं खटकेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी महाडात बघा. लुगडी घोट्यापर्यंत नेसलेल्या बायका परतीच्या वाटेला लागल्या आहेत. लुगडं कसं नेसायचं यावर ज्या गावात बंधन होतं, त्याच गावाच्या रस्त्यानं.

आता दहा वर्षं पुढे या. १७ मार्च १९३७, मुंबई हायकोर्ट. दावा अपिलात इथवर पोहोचला आहे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असं वादींचं म्हणणं. जज्ज ब्रूमफील्ड पुरावा तपासतात. ‘अनादी’ वहिवाट वादींना शाबीत करता आलेली नाही. अपील फेटाळलं जातं आणि चवदार तळ्याच्या पाण्यावर अस्पृश्यांचा हक्क कोर्टात शाबूत राहतो.