कागदावरचा कॅसिनो : महाराष्ट्रात कधीच न उजळलेल्या निऑन पाटीचा इतिहास

१/
१९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा आणि त्यांच्यावर कर बसवण्याचा कायदा संमत केला. त्या वेळी अलिबाग-मुरूडचा किनारा ‘कुलाबा’ जिल्ह्यात मोडत होता. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले. सरकारे बदलली, शतक बदलले. कायदा मात्र ४७ वर्षे जागचा हलला नाही आणि त्याखाली राज्यात एकही कॅसिनो उघडला नाही. हे कसे घडले?

२/
आधी पाटीविषयी. निऑन वायूचा शोध १८९८ साली लागला. १९१० साली जॉर्ज क्लॉड या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या लालसर-नारिंगी नळ्या उजळून दाखवल्या. अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि लास वेगासच्या जुन्या बाजारपेठेत, फ्रिमाँट स्ट्रीटवर, या नळ्यांना खरे घर मिळाले. १९५१ साली तेथील पायोनियर क्लबवर ‘वेगास विक’ हा निऑनचा उंच काउबॉय उभा राहिला. पुढे क्लबातला जुगार बंद झाला, तरी पाटी राहिली.

३/
अशी पाटी म्हणजे केवळ जाहिरात नव्हे. राज्यसत्तेने जुगाराला दिलेल्या मान्यतेची ती खूण असते. जो जुगार कायद्याला मान्य, तो रस्त्यावर नाव झळकवतो. जो अमान्य, तो चिठ्ठीच्या कपट्यावर जगतो. महाराष्ट्राच्या वाट्याला प्रामुख्याने हा दुसरा प्रकार आला.

४/
मुंबई इलाख्यात १८८७ साली जुगारबंदीचा कायदा झाला. जुगाराचे अड्डे चालवणे आणि तेथे सापडणे, दोन्ही गुन्हे ठरले. घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना मात्र ठरावीक अटींवर मोकळीक राहिली. महालक्ष्मीच्या मैदानावरची पैज आणि चाळीच्या जिन्याखालची पैज यांत कायद्याने असा फरक केला.

५/
जिन्याखालच्या पैजेचे पुढे ‘मटका’ झाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने मुंबईत येणाऱ्या दरांवर सट्टा चाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते दर येणे थांबले आणि आकडा काढण्याची नवी रीत निघाली. चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या, एक उचलायची. कल्याणजी भगत यांचा मटका १९६२ मध्ये, तर रतन खत्री यांचा १९६४ मध्ये सुरू झाला. खेळणाऱ्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा होता आणि त्या कामगारांतले असंख्य जण कोकणातले होते. गावी मनीऑर्डर पाठवणारा हातच ‘ओपन-क्लोज’चा आकडाही लावत असे.

६/
सरकारची भूमिका काय होती? १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी मटक्याच्या नादी लागू नये आणि तिजोरीत महसूल यावा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. म्हणजे नशिबावर पैसा लावण्याला राज्याचा सरसकट विरोध नव्हता. तो पैसा कोणाच्या हाती जातो, हा खरा प्रश्न होता.

७/
या दुटप्पीपणाचा धागा न्यायालयातही सापडतो. बक्षीस-स्पर्धांविषयीच्या १९४८ च्या मुंबई राज्याच्या कायद्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला : जुगार हा राज्यघटनेचे संरक्षण लाभलेला व्यापार नव्हे. न्यायमूर्तींनी ऋग्वेदातील जुगाऱ्याचा आणि महाभारताचा दाखला दिला. त्याच निर्णयाने अशा स्पर्धांवर कर बसवण्याचा राज्याचा अधिकारही मान्य केला. जुगार अधर्म असला, तरी करपात्र राहिला! त्या कायद्याच्या नावातच ‘नियंत्रण व कर’ हे शब्द होते.

८/
१९७६ च्या कायद्याचे नाव पाहा : ‘महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम’. तीच जोडी. काळ आणीबाणीचा, मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. आणीबाणीत रतन खत्री यांना तुरुंगात टाकले गेले होते. त्याच काळात विधिमंडळ परवानाधारक जुगारगृहांचे नियम ठरवत होते.

९/
मग कायदा अडला कुठे? एका छोट्या कलमात. शासन राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल, त्या दिवसापासून कायदा अमलात येईल, अशी त्यात तरतूद होती. ती अधिसूचना कधीच निघाली नाही. विधिमंडळाची संमती झाली, राज्यपालांची झाली, पण अंमल सुरू झाला नाही. अंमल सुरू केला असता तर नैतिकतेचा रोष ओढवला असता. रद्द केला असता तर महसुलाची वाट बुजली असती. न घेतलेला निर्णय हाच दीर्घकाळ राज्याचा निर्णय होऊन बसला.

१०/
दक्षिणेकडे वेगळे घडले. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. तो मुळात बंदी घालणारा होता. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली. १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दूर उभ्या जहाजांवर पत्त्यांच्या आणि इतर टेबलांच्या खेळांना वाट मोकळी झाली. प्रत्यक्षात ती जहाजे पणजीसमोर मांडवी नदीतच नांगरली गेली. महाराष्ट्रात न उजळलेली पाटी मांडवीच्या पाण्यात उजळली. पनवेल, पेण, महाडवरून दक्षिणेला निघणाऱ्या महामार्गाने महाराष्ट्रातले पर्यटक त्या उजेडाकडे जाऊ लागले. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना मात्र त्या कॅसिनोंत खेळण्यास मनाई झाली.

११/
इकडे महाराष्ट्राचा कायदा अमलात आणावा, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. पर्यटन वाढेल, महसूल मिळेल, हे जुनेच युक्तिवाद पुन्हा मांडले गेले. अखेर १८ ऑगस्ट २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अंमल न पाहिलेल्या कायद्याचा असा शेवट झाला.

१२/
या इतिहासात जुगार कधी थांबला नाही. थांबला नाही तो भेदही. शर्यतीच्या मैदानावरचा रसिक ठरला, लॉटरीचे तिकीट घेणारा ग्राहक ठरला, कॅसिनोत जाणारा पर्यटक ठरला आणि आकडा लावणारा कामगार आरोपी ठरला. खेळ चौघांचाही नशिबाशीच होता. म्हणून जुन्या शहरातील झगमगती पाटी पाहताना इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या परवानगीने उजळली? आणि त्या परवानगीबाहेर, अंधारात, कोण राहिले?